वसईचे संत गोन्सालो गार्सिया

फेब्रुवारीच्या प्रारंभी नागासाकीच्या सव्वीस हुतात्म्यांचे स्मरण केले जाते. त्यांच्यातील एक आपल्या वसईचे होते, हे उत्सवाच्या दिवशीही पुष्कळांना ठाऊक नसते.

गोन्सालो गार्सिया यांचा जन्म १५५७ च्या सुमारास वसईत झाला. पिता पोर्तुगीज, माता वसईचीच. जेझुइट धर्मगुरूंच्या छायेत वाढलेले गोन्सालो पंधराव्या वर्षी त्यांच्यासमवेत जपानला गेले. तेथील भाषा त्यांनी आत्मसात केली व आठ वर्षे धर्मशिक्षणाचे कार्य केले. परंतु त्या संघाचे सभासद होण्याची त्यांची आकांक्षा काही सफल झाली नाही. निराश होऊन ते व्यापाराकडे वळले. व्यापारात यश आले, मन मात्र रमले नाही. अखेर मनिला येथे फ्रान्सिस्कन संघाने त्यांना स्वीकारले, तेही धर्मगुरू म्हणून नव्हे, साधे बंधू म्हणून.

जपानी भाषेचे ते ज्ञान आता कामी आले. १५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता यांचे दुभाषे म्हणून ते जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्यासमोर उभे राहिले. क्योटोत मठ व रुग्णालय उभे राहिले. पण १५९६ मध्ये सान फेलिपे हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागले, आणि हिदेयोशीचा संशय बळावला. बंदिवानांचे कान छाटून त्यांना ऐन हिवाळ्यात क्योटोहून नागासाकीला नेण्यात आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी सव्वीसही जणांना क्रूसावर मृत्यू आला.

१८६२ साली पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद दिले. मुंबई महाधर्मप्रांत त्यांना आपले आश्रयदाते संत मानतो. वसईतील गास गावचे चर्च त्यांच्याच नावाचे आहे.