मंगळाचा हिशोब

१९६९ साली माणूस ज्या सॅटर्न-५ रॉकेटने चंद्राकडे निघाला, ते घडवणाऱ्या केंद्राचा संचालक होता वेर्नहर फॉन ब्राऊन. जन्म १९१२चा, जर्मन उमराव घराण्यातला. घर ल्युथरन. दृढीकरणाच्या वेळी आईने त्याला दुर्बीण भेट दिली. आपल्याकडे जपमाळ मिळते, नाहीतर घड्याळ. मला ती आई आवडते.

पोराला अंतराळात जायचं होतं. रॉकेटला पैसा लागतो आणि तो लष्कराकडे होता. १९३२मध्ये तो लष्कराच्या कामाला लागला, १९३७मध्ये नाझी पक्षात गेला, १९४०मध्ये एसएसमध्ये. त्याचं व्ही-२ रॉकेट पुढे लंडन आणि अँटवर्पवर पडलं.

१९४३च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिशांनी पेनेम्युंडेच्या केंद्रावर बॉम्ब टाकले. मग कारखाना नॉर्डहाउझेनजवळच्या डोंगरातल्या बोगद्यांत हलवला. तिथे राबायला डोरा छळछावणीचे कैदी. सुरुवातीचे महिने ते झोपायचेही बोगद्यातच, धुळीत, अंधारात. डोरा आणि तिच्या उपछावण्यांत सुमारे ६०,००० माणसं आणली गेली. त्यांतली जवळपास २०,००० मेली.

फॉन ब्राऊन तिथे जात असे. बुखेनवाल्डला जाऊन कुशल कैदी शोधल्याचं त्याच्याच १९४४च्या पत्रात आहे. गेस्टापोने त्यालाही काही दिवस अटक केली होती, असं त्याची बाजू घेणारे सांगतात. ते खरंच आहे. पण सुटल्यावर तो पुन्हा त्याच कामावर गेला.

युद्ध संपल्यावर अमेरिकेने त्याला नेलं. खटला झाला नाही. डिस्नेच्या टीव्ही कार्यक्रमांतून तो घराघरांत पोचला. १९५२मध्ये त्याचं मंगळमोहिमेवरचं पुस्तक आलं: दहा यानं, सत्तर माणसं, इंधनाचा चोख हिशोब. सत्तर जणांना नेऊन परत आणायचं गणित त्याने इतकं काटेकोर मांडलं. डोरातल्या मृत्यूंची जबाबदारी मात्र त्याने कधी स्वतःवर घेतली नाही.

आज मंगळावर वस्ती करायचं स्वप्न अब्जाधीश विकतात. काळ वेगळा आहे, तुलना सरसकट करू नये. तरी असं स्वप्न ऐकलं की मी आधी विचारते, खाली राबतंय कोण?

१९७७मध्ये तो कॅन्सरने वारला. कबरीवर नाव, वर्षं आणि एकोणिसाव्या स्तोत्राचा नुसता संदर्भ आहे. ते स्तोत्र आकाशातून दिसणाऱ्या देवाच्या महिम्याचं. मला तिथे याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय आठवतो, मजुरांच्या बुडवलेल्या मजुरीचा. डोरातल्यांना तर मजुरीच नव्हती.