सर्वात जास्त काळ सरन्यायाधीश राहिलेले यशवंतराव चंद्रचूड; मूळ घराणं खेड तालुक्यातल्या कनेरसरचं

देशाचे सरन्यायाधीश बरेचदा वर्ष-दीड वर्षात बदलतात. १९९१ मध्ये कमल नारायण सिंह यांना तर अवघे १७ दिवस मिळाले होते. यशवंत विष्णू चंद्रचूड मात्र २२ फेब्रुवारी १९७८ ते ११ जुलै १९८५, म्हणजे सात वर्षं साडेचार महिने या पदावर होते. हा विक्रम आजपर्यंत कोणी मोडलेला नाही.

चंद्रचूड घराणं मूळचं पुणे जिल्ह्यातल्या कनेरसर गावचं. यशवंतरावांचा जन्म १२ जुलै १९२० रोजी पुण्यात झाला. शाळा नूतन मराठी विद्यालय, कायद्याचं शिक्षण पुण्याच्या लॉ कॉलेजात. १९४३ पासून मुंबई उच्च न्यायालयात वकिली, पुढे सरकारी वकील, १९६१ मध्ये तिथेच न्यायाधीश. २८ ऑगस्ट १९७२ रोजी ते सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा वय ५२. तिथे निवृत्ती ६५ व्या वर्षी होते आणि रिवाजाप्रमाणे सर्वात ज्येष्ठ न्यायाधीश सरन्यायाधीश होतो. लवकर वर गेल्यामुळेच त्यांना एवढा मोठा काळ मिळाला.

पण त्याआधी आणीबाणी आली. मिसा कायद्याखाली हजारो लोक विनाचौकशी तुरुंगात होते. पकडलेल्या माणसाला कोर्टात दाद मागता येईल का, एवढाच प्रश्न होता. नऊ उच्च न्यायालयांनी येईल म्हणून सांगितलं होतं. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाचपैकी चार न्यायाधीशांनी नाही म्हटलं. त्या चौघांत चंद्रचूड होते. एकटे हंसराज खन्ना विरोधात गेले आणि त्यांना त्याची किंमत मोजावी लागली. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून धाकट्या न्यायाधीशाला सरन्यायाधीश केलं गेलं, तेव्हा खन्नांनी राजीनामा दिला.

चंद्रचूडांच्या आयुष्यातला हा डाग, तो झाकून चालत नाही. १९७८ मध्ये त्यांची पाळी आली तेव्हा मुंबईतल्या नामवंत वकिलांनीच विरोध केला होता. जनता सरकारने तरी ज्येष्ठता मोडली नाही. पद मिळाल्यावर एका भाषणात त्यांनी खंत बोलून दाखवली, की तेव्हा खुर्ची सोडायचं धाडस झालं नाही. तो निकाल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चुकीचा ठरवला. तसं लिहिणाऱ्या न्यायाधीशांत त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते.

पुढच्या सात वर्षांतलं काम मात्र आजही गावागावात उपयोगी पडतं. बांधाच्या भांडणातून गुन्हा दाखल झाला की घरचे आधी अटकपूर्व जामिनासाठी वकील गाठतात. या जामिनाला उच्च न्यायालयाने आपल्या मनाने जादा अटी जोडू नयेत, कायद्यात नाहीत ते निर्बंध कोर्टाने घालू नयेत, हा निकाल चंद्रचूडांनी १९८० मध्ये लिहिला. गुन्हा नोंदवला जायच्या आधीही अर्ज करता येतो, मात्र नुसती भीती पुरत नाही, अटक होणार असं मानायला ठोस कारण लागतं, हेही त्यात आहे.

त्याच वर्षी महाराष्ट्राच्या सीलिंग कायद्याचं प्रकरण त्यांच्यापुढे होतं. कोरडवाहू ५४ एकर, बारमाही बागायत १८ एकर ही मर्यादा जमीनदारांना मान्य नव्हती. त्यांच्या याचिका फेटाळल्या गेल्या आणि कायदा टिकला. मात्र २४ एप्रिल १९७३ नंतर नवव्या परिशिष्टात घातलेले कायदे कोर्टाला तपासता येतील, असंही न्यायालयाने ठरवलं. संसदेच्या घटनादुरुस्तीलाही मर्यादा आहे, हे मिनर्व्हा मिल्सच्या निकालात त्यांनीच लिहिलं. १९७३ मध्ये याच प्रश्नावर ते उलट्या बाजूला होते.

शेवटचा मोठा निकाल मुंबईच्या फूटपाथवरच्या लोकांचा. १९८१ च्या ऐन पावसाळ्यात राज्य सरकारने त्यांच्या झोपड्या पाडून त्यांना आपापल्या गावी पाठवायचं ठरवलं होतं. पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही झोपडीवासी कोर्टात गेले. त्यात सेलमकडचा एक भूमिहीन मजूर होता, दुष्काळात काम नाही म्हणून मुंबईला आलेला. मराठवाड्यातून, साताऱ्या-सांगलीतून मुंबई गाठणाऱ्यांची गोष्ट याहून वेगळी नव्हती.

१० जुलै १९८५ रोजी चंद्रचूडांनी निकाल दिला. जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्कही येतो, हे त्यात पहिल्यांदा एवढं स्पष्ट लिहिलं गेलं. पण फूटपाथवर राहण्याचा हक्क मिळाला नाही. ३१ ऑक्टोबरपर्यंत हटवू नका आणि १९७६ च्या गणनेचं ओळखपत्र असलेल्यांना दुसरीकडे जागा द्या, एवढंच पदरात पडलं. बाकीच्यांच्या झोपड्या पावसाळ्यानंतर हटवायला मोकळीक राहिली.

दुसऱ्या दिवशी ते निवृत्त झाले. १४ जुलै २००८ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. ८८ वर्षं पूर्ण होऊन दोनच दिवस झाले होते.