पुस्तकें बांधणारा उमेदवार : मायकेल फॅरडे

वीज उत्पन्न करणारीं मोठमोठीं यंत्रें ज्याच्या शोधावर उभीं आहेत, त्या मायकेल फॅरडेनें विद्यापीठांत शिक्षण घेतलें नव्हतें. त्याची शाळा म्हणजे लंडनमधील पुस्तकें बांधण्याचें एक दुकान. मुलाला कोणत्या धंद्यास लावावें ही चिंता ज्यांच्या घरीं आहे, अशा वाचकांसाठीं त्याचें चरित्र आम्ही थोडक्यांत देत आहों.

फॅरडेचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजीं झाला. बाप लोहार, पण प्रकृतीनें अधू. १८०१ सालच्या महागाईंत मायकेलच्या वांट्यास आठवड्याला एक पाव येई व तोच पुरवून खावा लागे.

पुढें रिबो नांवाच्या फ्रेंच निर्वासिताच्या दुकानीं तो वर्तमानपत्रें पोंचवूं लागला. १८०५ सालीं तेथेंच सात वर्षांच्या उमेदवारीचा करार झाला. अशा वेळीं धन्यास रक्कम द्यावी लागे; परंतु मुलाची इमानी चाकरी पाहून रिबोनें ती घेतली नाहीं. जीं पुस्तकें बांधावयास येत, तीं मायकेल वाचूं लागला. जेन मार्सेटबाईंच्या रसायनशास्त्रावरील पुस्तकांत जें वाचलें, तें खरें कीं काय हें तो चार पैसे खर्चून स्वतः करून पाही. येथें आम्हांस रिबोचें कौतुक अधिक वाटतें. सरस व पुठ्ठे यांच्या पसाऱ्यांत वाचीत बसणारा उमेदवार पुष्कळ धन्यांस कामचुकार वाटला असता.

शहरांत टॅटम नांवाचे गृहस्थ शास्त्रीय व्याख्यानें देत. दर व्याख्यानास एक शिलिंग पडे. तो शिलिंग लोहारकाम करणारा थोरला भाऊ रॉबर्ट देई. १८१२ सालीं दुकानाच्या एका गिऱ्हाइकानें रॉयल इन्स्टिट्यूशनमधील सर हंफ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांचीं तिकिटें दिलीं. मायकेलनें टिपणें घेतलीं, आकृत्यांसह स्वच्छ उतरलीं, आपल्या हातानें बांधलीं आणि नोकरीच्या विनंतीसह डेव्हींकडे धाडलीं. डेव्हींनीं भेट दिली, पण जागा नाहीं, हातचा धंदा सोडूं नये, असा सल्ला दिला. थोड्याच आठवड्यांत तेथील एका मदतनिसास भांडणामुळें काढण्यांत आलें, आणि १ मार्च १८१३ रोजीं ती जागा फॅरडेस मिळाली. वेतन आठवड्यास २५ शिलिंग.

ही दुसरी उमेदवारी पहिलीहून कठीण होती. त्याच वर्षीं डेव्हींबरोबर युरोपच्या प्रवासांत त्यास खासगी चाकराचींही कामें करावीं लागलीं, आणि डेव्हींच्या पत्नी त्यास चाकरासारखेंच वागवीत. परत जावें, असेंही त्याच्या मनांत आलें. पण तो राहिला, व मोठमोठ्या शास्त्रज्ञांच्या भेटी त्यास घडल्या.

२९ ऑगस्ट १८३१ रोजीं त्यानें लोखंडी कड्यावर तांब्याच्या तारेचीं वेटोळीं घातलीं. मध्यें सुतळी व कापड बसविलें. पुस्तकें शिवणाऱ्या हातांस हें काम नवें नव्हतें. एका बाजूच्या तारेंत वीज सोडतांच व तोडतांच दुसऱ्या बाजूची सुई हाले. ऑक्टोबरांत त्यानें वेटोळ्यांत नुसता लोहचुंबक सरकवून वीज उत्पन्न केली. उच्च गणित त्यास येत नसे. त्याच्या कल्पनांस गणिताचें रूप पुढें मॅक्सवेल यांनीं दिलें.

फॅरडेचें घराणें सँडिमनियन नांवाच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीचें. १८४० सालीं तो तेथें वडील झाला. रॉयल सोसायटीचें अध्यक्षपद मात्र देऊं केलें असतां त्यानें नाकारलें. २५ ऑगस्ट १८६७ रोजीं तो वारला. डेव्हींस पाठविलेलें तें टिपणांचें पुस्तक रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें अद्याप जपून ठेवलेलें आहे.