चार वर्षांचा चषक आणि एक मास्तर

आमच्या आष्टी तालुक्यात कुस्ती, कबड्डी आणि क्रिकेट हेच खेळ. मग द्वितीय वर्ष कला वर्गातील एका विद्यार्थ्याने फुटबॉलच्या मास्तरांवर का लिहावे, असा प्रश्न आपणांस पडेल. माझे आजोबा जुन्या गोष्टी सांगताना आपल्या भागाला आजही मोगलाई म्हणतात. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बीड जिल्हा हैदराबाद राज्यातच होता. म्हणून हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम मला परके वाटत नाहीत.

रहीमसाहेबांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबादेत झाला. उस्मानिया विद्यापीठाची पदवी घेऊन ते शाळेत मास्तर झाले. १९४३ पासून अखेरपर्यंत ते हैदराबाद फुटबॉल संघटनेचे चिटणीस होते. १९५० साली शहर पोलिसांचा संघ त्यांच्या हाती आला. निजामी राजवट संपून दोनच वर्षे झाली होती. त्या संघाने मुंबईचा मानाचा रोव्हर्स चषक १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे जिंकला! १९५१ साली दिल्लीत पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या. तेथे त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने इराणला १-० असे हरवून सुवर्णपदक मिळविले.

याच सुमारास एक चौरंगी स्पर्धा जन्मली. भारत, पाकिस्तान, ब्रह्मदेश आणि सिलोन या चार देशांचे संघ तीत उतरत. तिचे नाव कोलंबो चषक. १९५२ साली ती कोलंबोला, १९५३ साली रंगूनला, १९५४ साली कलकत्त्याला आणि १९५५ साली ढाक्याला झाली. फाळणीला पाच वर्षेही झाली नव्हती, तरी पहिल्या वर्षी भारत व पाकिस्तान या दोघांनी तो चषक वाटून घेतला. पुढची तिन्ही वर्षे भारत एकटाच विजेता ठरला. चारही देशांची यजमानपदाची पाळी झाली आणि स्पर्धा बंद पडली. आज ती किती जणांना आठवते?

हे वाचताना मला आमच्या गावचा चषक आठवला. तीन वर्षांपूर्वी आम्ही पोरांनी वर्गणी काढून कबड्डीचे सामने भरविले. दुसऱ्या वर्षी दसरा झाला आणि निम्मे खेळाडू टोळीबरोबर कोयत्यावर गेले. सामने झालेच नाहीत. तो चषक आमच्या घरी देवळीत आहे. आई त्यात सुईदोरा ठेवते.

मग अशा अल्पायुषी स्पर्धांतून उरते तरी काय? याचे उत्तर मला रहीमसाहेबांच्या चरित्रात सापडले. १९५२ सालीच हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडविला. आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळत होते. रहीमसाहेब खचले नाहीत. ते आपल्या शिष्यांसाठी आगळे सामने भरवीत. कधी फक्त कमजोर पायानेच चेंडू मारायचा, तर कधी चेंडू स्वतःजवळ न खेळवता लगेच सोबत्याकडे द्यायचा. या शिकवणुकीचे फळ पुढे मिळाले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला. ४ सप्टेंबर १९६२ रोजी जकार्तात, प्रेक्षक विरोधात असताना, भारताने दक्षिण कोरियाला २-१ असे नमवून पुन्हा सुवर्णपदक पटकाविले. तेव्हा मास्तरांना कर्करोगाने ग्रासले होते. ११ जून १९६३ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. त्यानंतरच्या साठ वर्षांत ते पदक भारताला पुन्हा मिळाले नाही. २०२४ साली त्यांच्यावर हिंदी चित्रपट आला, तेव्हा कोठे आमच्या पिढीला त्यांचे नाव कळले.

बारावीच्या पुढे शिकणारा मी आमच्या घरातील पहिलाच. इंग्रजी हा माझा कमजोर पाय. गेले वर्षभर त्या तासाला मी मागच्या बाकावर मान खाली घालून बसत असे. रहीमसाहेबांविषयी वाचल्यापासून पुढच्या बाकावर बसू लागलो आहे. अजून चुकतो, वर्गात हशाही होतो. पण आता त्याच पायाने चेंडू मारायचा असे ठरविले आहे. चषक चार वर्षांत संपतात, मास्तरांनी दिलेली सवय मात्र संपत नाही, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

येत्या दसऱ्यापूर्वी, टोळ्या निघण्याच्या आत, गावचे सामने पुन्हा भरविण्याचा आमचा विचार आहे. त्यासाठी देवळीतला चषक आईकडून मागून घ्यावा लागेल.