वालचंद हिराचंद : एक माणूस, उद्योगाचे किती प्रकार!

विद्यार्थी मित्रांनो, उद्योगाचे प्रकार पाठ करण्यापेक्षा वालचंद हिराचंद यांचं आयुष्य पाहा. जन्म १८८२, सोलापूर. घरची सावकारी व कापसाचा व्यापार होता, पण त्यांचं मन तिथे रमेना. रेल्वेत कारकुनी केलेल्या लक्ष्मणराव फाटकांशी त्यांनी भागीदारी केली आणि बांधकामाचे ठेके घेतले. बोरघाटातले रेल्वे बोगदे त्यांच्याच कामांपैकी.

जहाज मात्र दोघांच्या भागीदारीत परवडत नाही. म्हणून १९१९ मध्ये इतर उद्योजकांसह सिंदिया ही संयुक्त भांडवली कंपनी उभी केली. ५ एप्रिलला ‘लॉयल्टी’ जहाज मुंबईहून लंडनला निघालं. ब्रिटिश कंपन्यांनी मालभाडं पाडलं, तरी सिंदिया टिकली. जोखीम म्हणजे काय, ते व्याख्येपेक्षा इथे कळतं.

पिंपळगावच्या द्राक्षबागायतदारांच्या मुलांना पुढचं लगेच समजेल. आपल्याच जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यातल्या रावळगावच्या माळरानावर त्यांनी ऊस पिकवला, १९३३ मध्ये साखर कारखाना काढला. हा झाला शेतीमाल प्रक्रिया उद्योग. १९४२ पासून तिथेच गोळ्या बनू लागल्या. रावळगावची गोळी तुमच्या आजोबांनी नक्की चघळली असेल!

१९४० मध्ये त्यांनी बंगळूरला विमान कारखाना काढला. युद्धकाळात, १९४२ मध्ये, सरकारने तो ताब्यात घेतला. वालचंद १९५३ मध्ये वारले, तेव्हाही तो सरकारकडेच होता.