नृत्योपासक मेनकादेवी

जठारपेठेंतील आमच्या विद्यार्थ्यांची कालिदासाशीं ओळख संस्कृतच्या तासाला होते. परंतु त्याच्या 'मालविकाग्निमित्र' नाटकाची नायिका आपल्याच विदर्भाची राजकन्या आहे, हें पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. नाटकाच्या शेवटीं ज्या वरदेच्या कांठानें विदर्भाचे दोन वांटे होतात, ती आपली वर्धा नदीच होय. विदिशेच्या राणीजवळ अज्ञातवासांत राहिलेल्या मालविकेला दोन नृत्याचार्यांच्या भांडणामुळें राजापुढें नाचून दाखवावें लागतें. कारण गुरूची परीक्षा शिष्यावरून करावयाची असें ठरतें. (आम्हां शिक्षकांना ही कसोटी थोडी जाचक वाटते, तरी ती खोटी म्हणवत नाहीं.) या मालविकेला १९३९ सालीं नृत्यनाट्यरूपानें रंगभूमीवर आणणाऱ्या मेनकादेवींचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

त्यांचें मूळ नांव लीला रॉय. जन्म १८९९ सालीं बंगालमधील बारिसाल येथें, एका बॅरिस्टरच्या घरीं झाला. दार्जिलिंग व लंडन येथें शिक्षण घेतलेल्या या मुलीचा विवाह डॉ. साहिबसिंग सोखी यांच्याशीं झाला. प्लेगच्या लशीमुळें घरोघर माहीत झालेल्या मुंबईच्या हाफकिन संस्थेचे पहिले भारतीय संचालक ते हेच. अशा घरांतील स्त्रीनें पायांत घुंगरूं बांधावे ही त्या काळीं सामान्य गोष्ट नव्हती. मराठी नाटकांतल्या नायिकाही तेव्हां बहुधा पुरुषच होत. आणि नाच म्हटला कीं सभ्य गृहस्थ मुलींना घरांत बोलावून घेत. लीलाबाईंनीं मात्र नांवसुद्धां असें घेतलें कीं लपवाछपवीला जागाच राहूं नये: विश्वामित्राचा तपोभंग करणाऱ्या अप्सरेचें!

पंडित सीताराम प्रसाद, अच्छन महाराज, लच्छू महाराज यांच्याजवळ त्या कथक शिकल्या. येथें एक अडचण होती. कथक ही मुळांत एकट्यानें करावयाची कला. नर्तक एकच, आणि राधा, कृष्ण, गोपी सगळे त्यानेंच व्हावयाचें. जाणत्यांच्या लहानशा बैठकींत तें शोभतें. मोठ्या नाट्यगृहांतील शेवटच्या रांगेपर्यंत तें कसें पोंचावें? अ‍ॅना पाव्हलोव्हा ही रशियन नर्तकी आपला संघ घेऊन हिंदुस्थानांत येऊन गेली होती. लहान लहान नृत्यें आणि कथानकाचें नृत्यनाट्य एकाच रात्रीं दाखविण्याची तिची रीत होती. मेनकादेवींनींही संघ उभारला, एकाची कामें अनेकांस वांटून दिलीं, आणि संवादाचा एकही शब्द न उच्चारतां गोष्ट सांगावयाची हें ठरविलें. 'कृष्णलीला' (१९३४), 'देवविजय नृत्य' (१९३५) आणि 'मेनका लास्यम्' (१९३६) हीं त्यांचीं नृत्यनाट्यें. जुन्या वळणाच्या रसिकांना ही कांटछांट रुचली नसेल. आम्हांला विचाराल तर, कला जगवावयाची तर ती करणें भागच होतें.

१९३६ ते १९३८ या काळांत हा संघ युरोपभर फिरला व त्यानें सुमारें ७५० प्रयोग केले. बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वर्षीं तेथें भरलेल्या नृत्यमेळाव्यांतही त्याचा गौरव झाला. रामनारायण मिश्र हे त्यांचे सहनर्तक होते.

या दौऱ्यांत दहाएक वर्षांची एक मराठी मुलगी होती, दमयंती जोशी. मेनकादेवींचें स्वतःचें मूल गेलेलें होतें. ही मुलगी दत्तक मिळावी अशी त्यांची फार इच्छा होती. पोटची पोर देऊन टाकावयास दमयंतीची आई तयार होईना. शेवटीं दोघींनीं मिळून तिला वाढवावयाचें ठरलें. पालकांनीं क्षणभर या मातेच्या जागीं स्वतःस कल्पून पाहावें. मुलगी परमुलखांत, तीही नाचावयास पाठवावयाची, हा निर्णय तिनें कोणत्या धीरानें घेतला असेल?

युरोपांतून परतल्यावर मेनकादेवींनीं खंडाळ्यास 'नृत्यालयम्' ही शाळा काढली. कथक, कथकली व मणिपुरी या तिन्ही पद्धती तेथें एका छपराखालीं शिकवीत. शाळा फार वर्षें चालली नाहीं. प्रकृतीही खालावत गेली, आणि १९४७ सालीं, पन्नाशी गांठण्यापूर्वींच, त्या वारल्या.

दमयंतीबाई पुढें कथकच्या नामांकित नर्तकी झाल्या. १९७० सालीं त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हां मेनकादेवींना जाऊन तेवीस वर्षें झालीं होतीं.