वीर बाबूराव शेडमाके

प्राणहिता नदीच्या खोऱ्यात सागाचे व बांबूचे घनदाट अरण्य पसरले आहे. हे अरण्य म्हणजे गोंड लोकांचे पिढ्यानपिढ्यांचे घर. तेथील मोलमपल्लीच्या गोंड जमीनदाराच्या घरी १८३३ साली बाबूरावांचा जन्म झाला.

१८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले आणि चांदा प्रांतावर इंग्रजांचा अंमल बसला. पूर्वजांच्या भूमीवर परक्यांची सत्ता बाबूरावांना सहन होईना. त्यांनी गोंड तरुणांची फौज उभारली व मार्च १८५८ मध्ये राजगड परगणा जिंकला. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले.

रानातील प्रत्येक वाट गोंडांच्या पायाखालची होती. इंग्रजांना मात्र ती अनोळखी होती. तेव्हा कॅप्टन क्रिक्टनने अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यावर दडपण आणले. त्यांच्या माणसांच्या हातून बाबूराव एकदा निसटले. परंतु सप्टेंबरात पुन्हा सापडले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आली. तेव्हा त्यांचे वय अवघे पंचवीस वर्षांचे होते.

परक्यांच्या शस्त्रांपुढे न नमलेला हा वीर स्वकीयांच्या हातून पकडला गेला. तथापि चंद्रपूर-गडचिरोलीचे लोक त्याला आजही विसरलेले नाहीत.